ज्या दुपारी आत्यानं गुळवेल दिली नाही

आत्या,

निधनवार्ता लिहायला मला दहा मिनिटंही लागत नाहीत. नाव, गाव, वय, अंत्यसंस्कार कुठे आणि किती वाजता, पश्चात कोण कोण. वृत्तपत्रात उमेदवारी सुरू केली तेव्हा पहिलं काम हेच मिळालं होतं आणि निवृत्त झालो त्या आठवड्यातही एक लिहिली होती. तू गेलीस त्या दुपारी यवतमाळच्या कार्यालयातून फोन आला. माझ्या जुन्या टेबलावर आता एक तरुण मुलगी बसते. "सर, आत्यांची माहिती पाठवता का? पाचच्या आत मिळाली तर उद्याच्या अंकात जाईल."

मी कागद घेतला. पहिलं वाक्य झालं. दुसरं असं लिहिलं: 'गुळवेलीच्या औषधासाठी त्या पंचक्रोशीत परिचित होत्या.' आणि पेन थांबलं. वाक्य चूक नव्हतं, पण ते एका सकाळपर्यंतच खरं होतं. त्या सकाळनंतर तुझ्या अंगणात औषधासाठी सहसा कुणी फिरकलं नाही. ती सकाळ माझ्या बातमीची होती. मुलीला फोन करून सांगितलं, नाव आणि वय छाप, बाकीची जागा दुसऱ्या कुणाला दे.

ती बातमी चुकीची होती हे मला तुझ्या दहाव्याला कळलं. तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या गावातल्या लोकांना मात्र अजून माहीत नाही, आणि गावाला तुझी शेवटची ओळख त्या बातमीतून झालेली आहे. ती तशीच राहू द्यायची नाही, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. गावाचं नाव लिहिणार नाही. बातमीतल्या त्या माणसाचंही नाही. कारण पुढे येईल.

आधी गुळवेलीचं.

तुझं घर पांढरकवड्याहून केळापूरकडे जाताना हमरस्त्यापासून थोडं आत. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज अंगणात यायचा. अंगणात निंब आणि निंबावर वेल. आतोबा सरकारी आयुर्वेदिक दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेले तेव्हा बाकीची औषधं दवाखान्यात राहिली, गुळवेल तुझ्याकडे राहिली.

पाहणाऱ्याला ती वेल शोभेची वाटत नसे. पानं पिंपळाच्या घाटाची पण मऊ, खोड अंगठ्याएवढं जाड, वर कागदासारखी पातळ साल. नखानं खरवडली की खाली हिरवं. आडवं कापलं की आत बैलगाडीच्या चाकाचे आरे दिसत. वरून सुतळीसारखी मुळं लोंबायची. निंबावर चढलेली गुळवेल सगळ्यात चांगली, असं आतोबा म्हणायचे आणि तूही म्हणायचीस. पण मोजमाप तुझं स्वतःचं होतं. ते आतोबांच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. ज्याला ताप त्यानंच यायचं, वेलीच्या कांडाला स्वतःचं बोट लावायचं, आणि त्या बोटाएवढाच तुकडा तू विळ्यानं कापून द्यायचीस. मुलाला मुलाएवढा, बाप्याला बाप्याएवढा. तयार काढा तू कधी कुणाला दिला नाहीस. तुकडा घरी न्यायचा, ठेचायचा, उकळायचा, ज्याचा त्यानं.

माझं बोट त्या वेलीला पहिल्यांदा लागलं तेव्हा मी सात वर्षांचा असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याकडे आलो होतो आणि तापानं फणफणलो होतो. तू मला उचलून निंबाखाली नेलंस.

"हं, लाव बोट. सरकं कर. कमी कडू प्या लागन म्हून वाकडं धरून राह्यला का, लबाडा?"

खरंच वाकडं धरलं होतं. तू ते सरळ केलंस, आणि विळ्याचं पातं नखाजवळून गेलं.

दुसऱ्यासाठी कुणी न्यायला आलं तर तू देत नसायचीस. हे मी शंभरदा ऐकलेलं आहे. एकदा शेजारच्या वस्तीतली बाई आली होती.

"सासूसाठी पायजे होती जी आत्याबाई."

"सासूचं बोट आनलं का?"

"ते कसं आनू?"

"मंग सासूलेच आन."

"ते नाही येत जी. चालवत नाही तिले."

"भांडाले चालवते न तिले? येईन येईन. बैलबंडीत टाकून आन."

बाई हसत परत गेली आणि खरंच दुपारी सासूला बंडीत घालून आली. सगळं गाव तुला आत्याबाई म्हणायचं. आमच्या घरातलं नातं गावानं उचललं होतं आणि मला लहानपणी त्याचा राग यायचा.

कापायच्या आधी तुझे प्रश्न असत. कधीपासून? थंडी वाजते का? जिभेवर काय? काल कुठं होता? कोणाच्या वावरात, काय काम केलं? पुढे मी पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला तेव्हा कुणी, काय, कधी, कुठे असं फळ्यावर लिहून दिलं गेलं आणि मला वाटलं, हे तर माहीत आहे. कुठून माहीत आहे ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आणखी एक नियम. तुमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन निंब होते आणि तिन्हींवर तूच वेल चढवलेली होती. चढवलेली म्हणजे काय, कापलेलं कांड फांदीवर नुसतं टाकून दिलेलं. ते हवेतच जगायचं, मुळं खाली सोडायचं आणि पावसाळ्यात मातीला लागायचं. पण पोळ्यापासून दिवाळीपर्यंत त्या तिन्ही वेलींना तू हात लावायची नाहीस. त्या दिवसांत शेजारच्या कपाशीवर फवारणी चालायची. "औषध आन जहर एकाच पानावर बसलं हाय," म्हणायचीस. तेवढे महिने फक्त अंगणातली वेल. मी हे एकदा बातमीत घालायचं म्हणालो तर हसलीस. "यात बातमी काय? घरात इस्तव कुठं ठेवाव हे का पेपरात छापते?"

आपला वाद मात्र गुळवेलीनं ताप जातो की नाही यावर होता, आणि तो तीस वर्षं चालला.

"पुरावा काय?" मी विचारायचो.

"तू बरा झाला न?"

"मी तसाही बरा झालो असतो."

"मंग तसाच व्हायचं होतं. काहून बोट लावाले आला होता?"

मी पुढे एकदा वैद्यकीय नियतकालिकातलं काहीतरी वाचून आलो आणि तुला सांगितलं की ही वेल जास्त पोटात गेली तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो म्हणतात. मला वाटलं तू चिडशील. तू विचारलंस, "जास्त म्हंजे किती?" मी म्हणालो, ते नीट सांगितलेलं नाही. "मंग बोटभरच बरं," म्हणालीस आणि उठून गेलीस. वाद तिथेच राहिला. तुझी बाजू बरोबर होती का, ते मला आजही माहीत नाही.

आता त्या वर्षाचं.

कापसाची ती सगळीच वर्षं वाईट होती. त्या वर्षी बोंडअळीच्या धाकानं फवारण्या वाढल्या होत्या आणि कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारावा लागायचा आणि तो मारणाऱ्याच्याच अंगावर पडायचा. तोंडाला दुपट्टा, अंगात भिजलेला सदरा, पाठीवर पंप. रुग्णालयात रोज मजूर येत होते. उलट्या, घाम, डोळ्यांपुढे धुकं. मी नुकताच यवतमाळला मुख्य वार्ताहर झालो होतो. रोज संध्याकाळी रुग्णालयात जायचं, नाव, वय, गाव, प्रकृती कशी, एवढं टिपायचं आणि अंकात द्यायचं, हे काम मी दुसऱ्या कुणाला सोपवलं नव्हतं. मी अचूक होतो. त्या दिवसांत माझ्या यादीतलं एकही नाव चुकलं नाही.

एका संध्याकाळी यादीत तुझ्या गावातला माणूस आला. तरुण, फवारणीचा मजूर, अत्यवस्थ. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवा होता. उशीर का झाला, असं मी त्याच्या मेहुण्याला विचारलं. तो म्हणाला, "गावात आत्याबाईचा काढा आनून देल्ता. वाटलं उतरन." डॉक्टरांनी मान हलवली. दोन जणांनी सांगितलं म्हणजे आमच्याकडे बातमी पक्की होते.

मी लिहिलं: 'प्रकृती बिघडल्यानंतर नातेवाइकांनी गावातील एका महिलेकडून गुळवेलीचा काढा आणून दिला. त्यामुळे रुग्णालयात आणण्यास दोन तासांचा विलंब झाला, असे डॉक्टरांनी सांगितले.' तुझं नाव घातलं नाही. सगळा तालुका ओळखणार हे मला माहीत होतं.

दुसरी कुठली बाई असती तर मी तिला फोन केला असता. तसा नियमच आहे. ज्याच्यावर ठपका येतो त्याला विचारायचं आणि तो काय म्हणतो ते छापायचं. तुला केला नाही. तू माझी आत्या. तुला विचारलं तर तुझी बाजू छापावी लागणार, आणि तुझी बाजू छापली तर कार्यालयात कुणीतरी म्हणणार, घरच्या माणसाला सांभाळलं. म्हणून मी स्वतःला शिस्त लावली. त्या रात्री मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता. हे लिहायला अवघड जातं आहे, पण खरं आहे.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की विचारायची गरजसुद्धा नव्हती. 'काढा आणून दिला.' तुझ्याकडून कुणाला दुसऱ्यासाठी आणता येत नाही. तुझ्याकडे काढा नसतोच. हे जिल्ह्यातल्या इतर कोणाही बातमीदाराला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. वाक्य टाइप करताना माझं ते बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला काही आठवलं नाही.

दिवाळीला आलो. तू अंगणात धान्य निवडत बसली होतीस. वर पाहिलंस.

"आले का पेपरवाले?"

मी हो म्हणालो. तू चहा टाकलास. कप हातात दिल्यावर म्हणालीस, "दोघायनं सांगतलं म्हून छापलं म्हन्ते."

"हो. डॉक्टर आणि त्याचा मेहुणा."

"आन तिसऱ्याले कोनाले इचारलं?"

"तुला विचारलं असतं तर लोक म्हणाले असते घरची बाजू घेतली."

"बरं केलं," म्हणालीस. आवाज साधाच होता. मग, "चिवडा खातं का? अवंदा तिखट झाला हाय."

त्या वेळी एक प्रश्न विचारायचा होता: मग झालं काय होतं? मी विचारला नाही. उत्तर वेगळं निघालं असतं तर दुरुस्ती छापावी लागली असती, आणि नव्या खुर्चीवर बसून दोन महिने झाले नव्हते. तेव्हा मी कारण हे मानलं नाही. तू दुखावलेली असशील, नको उकरायला, असं मानलं. चिवडा खरंच तिखट होता. मी दोनदा घेतला.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. गावात सभा झाली आणि बाहेरून आलेल्या कुणीतरी 'असल्या बायांच्या' नादी लागू नका असं सांगितलं. तू तिथे पुढच्या रांगेत बसली होतीस. पोरं काही दिवस 'काढावाली' म्हणून ओरडायची. मग तेही थांबलं आणि कुणी काहीच म्हणेना. तो मजूर वाचला, पण एका डोळ्याची नजर मंदावली. तो रस्त्यानं जाताना दिसला की लोक तुझ्या घराकडे पाहायचे. तुझ्या सुनेनं मला एकदा सांगितलं, "मामंजी असते तं गेले असते कचेरीत भांडाले. सासूबाईनं आम्हाले तोंड उघडू देलं नाही."

अंगणातली वेल कुणी कापत नव्हतं. ती निंबाच्या शेंड्याला जाऊन पलीकडे पत्र्यावर उतरली. मी ती पाहायचो आणि म्हणायचो, "आत्या, जरा छाटून घे ना." तू म्हणायचीस, "कोनासाठी?"

मग साथीचं वर्ष आलं आणि सगळ्या देशाला गुळवेल आठवली. पांढरकवड्याहून मोटारसायकलींवर पोती घेऊन लोक यायला लागले. त्यात तुझ्या गावातलेही होते, ते मागे उभे राहायचे. तू भिंतीला टेकून बसलीस आणि पोती भरू दिली नाहीस. सून सांगते, तू एकेकाला पुढे बोलवून बोट लावायला लावायचीस आणि वर म्हणायचीस, "बोटभर. जास्त घेतली त लिव्हर जाते. माहा भाचा सांगते, तो लय शिकेल हाय." एक जण म्हणाला, "तोच न, ज्यानं तुमच्याबद्दल छापलं?" तू म्हणालीस, "तोच. मंग आयकत जाय त्याचं." साथ ओसरली तसे ते लोकही ओसरले.

शेवटच्या आजारात तुला यवतमाळला आणलं. तरुण डॉक्टरीण होती, तिनं विचारलं, "आजी, काही गावठी औषध वगैरे घेता का?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि तिला म्हणालीस, "नाही बाई. पेपरात आलं तवापासून बंद हाय." तिला काही कळलं नाही, ती हसली. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते. पण मग तू तोंड वळवून झोपलीस, आणि त्या खोलीत मी तासभर बसून होतो. तेव्हाही विचारलं नाही.

दहाव्याला पंगत उठल्यावर मी हात धुवत होतो. एक बाई समोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला.

"दादा, तुम्हीच न पेपरवाले?"

मी हो म्हणालो. तिनं सांगितलं की ती त्या मजुराची बायको. मला वाटलं, ती मला दोष द्यायला आली असेल, की मदत मागायला. ती म्हणाली, "आत्याबाईनं माह्या मान्साले काही देलं नवतं. म्या पाया पडली तरी देलं नवतं."

मग तिनं ती दुपार सांगितली. तिच्याच शब्दांत लिहून घेतली आहे.

"अकरा वाजता वावरातच त्यायले मयमय सुरू झाली. उलटी झाली. मालक म्हने, संध्याकायी पानी येते, उरलेले पंप मारून टाका, मंग जा. ते मारत राह्यले. एक वाजता पडले. म्या धरून धरून आत्याबाईकडं आनलं, तेच घर जवय. वाटलं, ताप भरला. आत्याबाईनं कपायाले हात लावला, डोयाची पापनी वर केली. म्हने, ताप नाही हा, आंग थंडगार हाय. बुबुय पाह्य कसं मव्हरीच्या दान्याएवढं झालं. काय मारत होता? म्या सांगतलं. म्हने, हे फवारनीचं हाय, याले गुयवेल नाही चालत. म्या पाया पडली, द्या न जी, बोट लावतो न त्यायचं. त माह्यावर खेकसली. म्हने, याले आता पाजत बसली त रांडमुंड होशीन. सदरा काढ त्याचा."

तू त्याला निंबाखालच्या फरशीवर बसवलंस. साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत धुतलंस, स्वतःच्या हातानं. आतोबांचं जुनं धोतर नेसवलंस. सुनेला रस्त्यावर पिटाळून ऑटो आणवलास. तो ऑटोत बसेपर्यंत पाव तास लागला असेल, नसेल.

नंतर मला कुणी कळत्या माणसानं सांगितलं की अशा वेळी पहिल्यांदा हेच करायचं असतं.

"मंग गाव काहून गप्प राह्यलं?" मी विचारलं. आत्या, तुझ्या अंगणात उभं राहिलं की माझ्याही तोंडी तुमचीच भाषा येते.

"पाहनाऱ्या शेजारच्या दोघीच होत्या. त्यायनंही पेपर वाचला त म्हनाल्या, आंघोयीच्या आंधी देला असन थोडासा. छापलं हाय म्हंजे."

मेहुणा मालकाकडे सालदार होता, वर्षाच्या करारानं राबणारा. रुग्णालयात मालक त्याच्या शेजारी उभा होता. ते दोन तास कुठे गेले हे मालकासमोर सांगायचं कसं? मी परवा मेहुण्याला गाठलं. तो आता हमरस्त्यावरच्या ढाब्यावर काम करतो. खाली पाहून एवढंच म्हणाला, "मालक बाजूले होते दादा. तोंडात आत्याबाईचं नाव आलं." ऑटोवालाही शोधला. सवय जात नाही. त्याला नीट आठवत होतं: "ओले केस, आंगाले साबनाचा वास. म्या म्हनलं, लग्नाले चालला का बे? मंग पाह्यलं त तोंडातून लाय गयून राह्यली होती." सूनही आता बोलली. आता माझ्याकडे चार जण आहेत. त्या वेळी दोन पुरले होते.

त्या बाईला मी विचारलं, मला तेव्हाच का सांगितलं नाही? यवतमाळ काही लांब नाही.

"सांगनारच होती. बसचं तिकीटही काढत होती. आत्याबाईले इचाराले गेली त तिनं हात धरून बसवलं. म्हने, तुहा भाऊ त्यायच्याकडं सालदार, तुहं निंदन-येचन त्यायच्याच वावरात. हा आता दवाखान्यातून येईन, याले चार महिने काम होनार नाही. कायले सोताची चूल इझवतं? म्या म्हनलं, पन तुमचं नाव खराब झालं जी. त म्हने, माहं काय, मले कोन्ती नोकरी कराची हाय?"

मग जरा चाचरत म्हणाली, "आन म्हने, माह्या भाच्याले आत्ताच यवतमायले मोठ्या खुर्चीवर बसवलं हाय. पयल्याच महिन्यात खोटं छापलं म्हनतीन लोक त्याले. पोरानं लय मेहनत केली."

मी तिथून निंबामागे गेलो.

आत्या, तुझ्यावर लिहायचं तर तुझं मोठेपण लिहिणं सोपं आहे. ते मी लिहिणार नाही, कारण तू ते मोठेपण म्हणून केलं नसणार. तू तिघांची परिस्थिती पाहिलीस, कुणाला काय झेपेल ते ताडलंस आणि उरलेलं स्वतःकडे घेतलंस. त्यातला एक मी होतो आणि मला झेपणार नाही असं तुला वाटलं. मला ते सगळ्यात जास्त लागलं. तुझा अंदाज चुकला असंही मला म्हणता येत नाही. त्या दिवाळीत तू दोन वाक्यं बोलून वाट पाहिलीस. मी चिवडा खाल्ला.

सात वर्षांच्या मुलाला उचलून निंबाखाली नेलंस, त्याचे आभार मी कधी मानले नव्हते. आपल्याकडे मानत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला आलो तेव्हा माझ्या खोलीवर दर महिन्याला तुझा डबा यायचा, त्याचेही नाही. आज मानतो आहे आणि ते पुरेसं नाही हेही कळतं आहे.

त्या मालकानं रान दुसऱ्याला ठेक्यानं दिलं आणि तो गाव सोडून गेला. बाई म्हणाली, "आता लिहा. आता कोनाची चूल नाही इझत." तरी गाव आणि नावं लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात आणि तू असतीस तर लिहू दिली नसतीस.

कार्यालयात गेलो. टेबलावरच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सर, इतक्या जुन्या बातमीची दुरुस्ती आपण छापत नाही. पुरवणीत तुमचा लेख घेता येईल." तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणून हा लेख. पण दुरुस्ती ती दुरुस्तीच. तिची भाषा ठरलेली असते आणि तीत लेखकाला स्वतःचं काही घालता येत नाही. ती त्याच भाषेत खाली देतो.

दुरुस्ती. फवारणीतून विषबाधा झालेल्या एका मजुराविषयी प्रसिद्ध झालेल्या बातमीत, गावातील एका महिलेकडून आणलेल्या गुळवेलीच्या काढ्यामुळे त्यास रुग्णालयात नेण्यास विलंब झाला, असे म्हटले होते. हे खरे नाही. विलंब तो त्या महिलेकडे पोहोचण्यापूर्वी झाला होता. त्या महिलेने त्यास गुळवेल दिली नाही. ही विषबाधा आहे हे तिने ओळखले, त्याचे अंग साबणाने धुतले आणि ऑटो बोलावून त्यास तातडीने रुग्णालयात पाठवले. बातमी देण्यापूर्वी बातमीदाराने त्या महिलेस काहीही विचारले नाही. ती त्याची आत्या होती.